चोक चेन, क्लिकर की दिरांचा सल्ला? ब्रुनोला शिकवायची पद्धत निवडताना

पत्र

आमचा ब्रुनो आठ महिन्यांचा आहे. आई लॅब्राडोर, बाप गावठी. घर फोंड्याजवळ, पुढे सोपा, मग आंगण आणि बुटकं कुंपण. सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकू आला की ब्रुनो फाटकाकडे झेपावतो आणि पोदेर पुढच्या वाड्यावर पोचेपर्यंत भुंकत राहतो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारतो, फिरायला नेलं तर मलाच फरफटत नेतो. मागच्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने त्याच्या पुढ्यातलं हाड उचललं, तेव्हा तो तिच्यावर गुरगुरला. दीर म्हणतात, लोळवून दाबून धरा, मालक कोण ते त्याला कळू दे. घरी आलेला एक ट्रेनर चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घाला म्हणाला. महिनाभर त्याच्याकडे ठेवला तर पूर्ण शिकवून परत देतो म्हणतो. मोबाइलवर पाहिलं तर कुणी क्लिकर (दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी) सांगतं, कुणी ई-कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा). चतुर्थीला घर माणसांनी भरेल. मी कुठली पद्धत धरू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर

ताई, निवड आधीच सांगून टाकणं बरं. बक्षीस देऊन शिकवायची पद्धत धरा, जोडीला क्लिकर किंवा खुणेचा एक ठरलेला शब्द. चोक चेन नको, ई-कॉलर नको, आणि महिनाभर ब्रुनोला कुणाकडे ठेवणंही नको. कारणं पुढे येतीलच, पण त्याआधी हाडाचं बघू. तुमच्या पत्रातली तेवढी एक गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही.

गुरगुरून कुत्रा इशारा देतो. त्याच्याही आधी तो बरंच काही सांगत असतो: खाताना अंग ताठ होतं, खाण्याचा वेग अचानक वाढतो किंवा अजिबात थांबतो, तोंड हाडावरच राहतं आणि डोळे कडेला वळून त्यांतला पांढरा भाग दिसू लागतो. सहा वर्षांच्या मुलीला यातलं काही ओळखता येत नाही, म्हणून शेवटी तो आवाज काढतो. या आवाजाबद्दल मार बसला तर हाड जाईल ही त्याची धास्ती तशीच राहते, फक्त आवाज बंद होतो. इशारा न देता चावणारे कुत्रे बऱ्याचदा असेच घडतात.

आजपासून हाडं बंद करा. शिजवलेली हाडं तशीही देऊ नयेत. त्यांच्या टोकदार चिरफळ्या घशात किंवा आतड्यात रुततात. ब्रुनोचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. मुलगी आणि तो एकत्र असतील तेव्हा मोठं माणूस त्याच खोलीत हवं, स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणं पुरत नाही. आणि या आठवड्यातच त्याला पशुवैद्याकडे न्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानाचा संसर्ग सहज होतो, गोचिडींचा तापही असतो. दुखऱ्या कुत्र्याचा संयम लवकर सुटतो, आणि दुखणं शिकवणीने बरं होत नाही.

मग अदलाबदलीचा सराव. हा फक्त मोठ्यांनी करायचा. ब्रुनो जेवत असताना त्याच्यापासून तीन मीटरवरून चालत जा, जाताजाता त्याच्याकडे उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. एका जेवणात असं पाच-सहा वेळा. तुमची चाहूल लागताच तो मान वर करून सैल अंगाने तुमच्याकडे बघू लागला, की पाऊलभर जवळून जायचं. अंग ताठ झालं तर पुन्हा मागे. वस्तू सोडायला शिकवताना सुरुवात त्याला फारशी प्रिय नसलेल्या वस्तूने करा, समजा दोरीच्या तुकड्याने. नाकाशी चिकन धरा, तोंड उघडलं की चिकन द्या आणि ती वस्तू त्याला परत करा. ही परतफेडच सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक विसरतात. दहातल्या नऊ वेळा वस्तू परत मिळते हे कळल्यावर त्याला राखण करायचं कारण उरत नाही. दात लागून कातडी फाटलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्र गाठायचं. कुत्रा घरचा असो, लस झालेला असो, यात सूट नाही.

आता दिरांचा सल्ला. लोळवून दाबण्याचं मूळ लांडग्यांच्या एका निरीक्षणात आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिथे एकत्र कोंडलेले लांडगे वरचढ होण्यासाठी भांडत होते. तेच चित्र पुढे घरच्या कुत्र्यांवर चिकटवलं गेलं. डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकाने आधी स्वतः 'अल्फा', म्हणजे भांडून वरचढ झालेला म्होरक्या, ही कल्पना वापरली होती. रानातले कळप पाहिल्यावर त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. शिवाय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तन-चिकित्सालयात आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना तिथल्या अभ्यासकांनी विचारलं होतं, की कुठला उपाय केल्यावर कुत्रा उलटला. 2009 मध्ये निष्कर्ष छापले गेले. लोळवून दाबलेल्यांपैकी 31 टक्के कुत्रे आक्रमक झाले, तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढली तेव्हा 39 टक्के आणि मारल्यावर 43 टक्के. ही कुत्री आधीच तक्रार घेऊन आलेली होती हे खरं, पण तुमचाही कुत्रा गुरगुरलेलाच आहे. दिरांना हे शांतपणे सांगा. पुतणीची काळजी वाटते म्हणूनच ते बोलले असणार.

पद्धत निवडताना 'कुठली लवकर लागू पडते' असं सगळे विचारतात. त्याऐवजी विचारावं: ही पद्धत माझ्या हातून चुकली तर काय होईल? कारण नवशिक्याचा हात चुकतोच. वेळ एका सेकंदाने हुकते, घरातला एक माणूस एक करतो, दुसरा दुसरंच. बक्षीस चुकीच्या क्षणी दिलं गेलं तर चिकनचा एक तुकडा वाया जातो, फार तर कुत्रा वाकडं बसायला शिकतो आणि ते दोन दिवसांत सुधारता येतं. झटका चुकीच्या क्षणी बसला तर कुत्रा त्याची गाठ कशाशी बांधेल ते तुमच्या हातात राहत नाही.

पोदेराचंच घ्या. ब्रुनो फाटकाकडे झेपावतो, तुम्ही चेन ओढता. तुमच्या मते शिक्षा भुंकण्याची झाली. त्या क्षणी ब्रुनोसमोर असतो पोदेर, सायकल, टोपली. हा माणूस दिसला की गळा आवळतो, एवढंच तो शिकतो. काही दिवसांनी भुंकणं कमी झालेलं दिसतं आणि एके सकाळी तो पोदेराच्या पोटरीला दात लावतो. शिक्षा खरोखर लागू पडायची तर ती एका सेकंदाच्या आत, प्रत्येक वेळी आणि पहिल्याच खेपेला नेमक्या जोराने व्हावी लागते. जोर कमी पडला तर कुत्रा निर्ढावतो, जास्त झाला तर घाबरतो. हे तिन्ही साधणारा मालक आम्हाला तरी माहीत नाही, आणि साधलं तरी 'मग मी करू काय' हे कुत्र्याला कळत नाहीच.

चोक चेनने काहीच होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दहा मिनिटांत कुत्रा गप्प होतो, म्हणून तर ट्रेनर ती आंगणात करून दाखवू शकतो. पण श्वासनळीवर दाब येतो, गळ्याला ताण बसला की डोळ्यांतला दाबही वाढतो, आणि मनावरचा ताण मोजता येतो. 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या अभ्यासकांनी सात प्रशिक्षण शाळांतल्या 92 पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. झटके आणि ओरडा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त होती आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं होतं. ई-कॉलर ही त्याच विचाराची बॅटरीवर चालणारी आवृत्ती. वेल्समध्ये तिच्यावर 2010 पासून बंदी आहे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट लिहिलं, की सर्व कुत्र्यांना, वर्तनाची तक्रार असलेल्यांनाही, बक्षिसाच्याच पद्धतीने शिकवावं.

क्लिकर घ्यायचा की शब्द, हा प्रश्न त्यामानाने लहान. दोन्हींचं काम एकच: 'हे, आत्ता केलंस ते बरोबर' हे त्या क्षणी सांगणं आणि खाऊ हातात येईपर्यंतचा वेळ भरून काढणं. क्लिकरचा आवाज नेहमी सारखा येतो, रागाचा किंवा थकव्याचा सूर त्यात उतरत नाही. अडचण हाताची होते. पट्टा, खाऊ, क्लिकर आणि पावसात छत्री एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. तेव्हा घरातला नवा धडा क्लिकरने आणि बाहेर शब्द, असं करा. 'शाब्बास' लांब आहे आणि 'हां' दिवसभर बोलण्यात येतो, म्हणून 'येस'सारखा तुटक शब्द घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. पहिल्या दिवशी काहीही करायला न सांगता क्लिक करा, लगेच खाऊ द्या, असं पंधरा-वीस वेळा. क्लिक ऐकताच त्याने तोंड तुमच्याकडे वळवलं की खूण पक्की झाली. पुढे एक नियम मोडायचा नाही: क्लिक झाला की खाऊ द्यायचाच, चुकून झाला तरी. आणि क्लिकर मुलीला खेळायला देऊ नका.

खाऊ म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन उत्तम. तुकडा वाटाण्याच्या दाण्यापेक्षा लहान ठेवा. शंभर ग्रॅमचे दीडशे तुकडे तरी होतात. सोप्या धड्यांना त्याच्या रोजच्या जेवणातले दाणेच वापरा. वरखाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि जेवण तेवढं कमी करावं, कारण लॅब्राडोरचं रक्त असलेला कुत्रा झपाट्याने फुगतो. सुक्या मासळीच्या वासावर कुत्री जीव टाकतात, पण खारवलेली मासळी रोज देण्यासारखी नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण अजिबात नको.

एक धडा तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. 'बस' शिकवताना खाऊ नाकापाशी धरून हात हळूच डोक्याच्या मागच्या बाजूला न्या. नाक वर जातं, ढुंगण खाली टेकतं. टेकताक्षणी क्लिक, खाऊ. हात फार उंच गेला तर तो उडी मारतो, तेव्हा हात खाली ठेवा. पाच-सहा वेळा झालं की रिकाम्या हाताने तीच खूण करा आणि खाऊ दुसऱ्या हाताने द्या. इथे आळस केला तर खाऊ दिसल्याशिवाय न बसणारा कुत्रा तयार होतो, आणि मग लोक दोष पद्धतीला देतात. हातवाऱ्यावर दहात आठ वेळा बसू लागला की मगच 'बस' हा शब्द जोडा, हात हलवण्याच्या क्षणभर आधी. एकदाच म्हणा. 'बस, बस, अरे बस' म्हटलं तर तिसऱ्या 'बस'ला बसायचं असतं हे तो शिकतो. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतलं एका वेळी एकच वाढवायचं. पाच प्रयत्नांत चार-पाच जमले तर पुढे, तीन जमले तर तिथेच, त्याहून कमी तर एक पायरी मागे.

पोदेराकडे परत येऊ. रोज सकाळी ब्रुनो भुंकतो आणि पोदेर निघून जातो. तो जाणारच असतो, त्याला पुढच्या घरी उंडे (गोल पाव) द्यायचे असतात. ब्रुनोच्या हिशेबी मात्र भुंकण्यानेच तो पळाला, आणि हा हिशेब रोज पक्का होतो. म्हणून शिकवणी चालू असेपर्यंत पोदेर यायच्या आधी पंधरा मिनिटं ब्रुनोला मागच्या खोलीत न्या, गोणपाटावर थोडे दाणे विखरून द्या, हुंगत बसेल. दिवसा वेगळ्या वेळी काम करा. भोंगा मोबाइलवर टिपून घ्या आणि अगदी बारीक आवाजात एक सेकंद वाजवा. आवाज थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत चिकन. अर्धा ते दोन मिनिटं, कधी कमी कधी जास्त, मध्ये सोडून पुन्हा. एका बैठकीत आठ-दहा वेळा पुरे. त्याने बसायला हवं, गप्प राहायला हवं, अशी काही अट घालू नका. इथे त्याच्याकडून काही करून घ्यायचं नसून भोंग्याचा अर्थ बदलायचा आहे. आवाज येताच तो तुमच्याकडे चिकनच्या आशेने बघू लागला की आवाज एक घर वाढवा. भुंकला तर आवाज जास्त झाला, खाली आणा.

दोन चुका इथे हटकून होतात. पहिली, भोंग्याच्या आधीच हात पिशवीत जातो. मग कुत्रा पिशवीची चुरचुर ओळखतो, भोंग्याला काही किंमत राहत नाही. हात बाहेर, आवाज, मग पिशवी, हाच क्रम. दुसरी, चौथ्या दिवशी फरक दिसला म्हणून थेट फाटकावर नेलं जातं. खऱ्या पोदेराची सुरुवात आंगणाच्या मागच्या टोकापासून करा, ब्रुनो पट्ट्यावर, तोंडात चिकन घेण्याइतका शांत राहील एवढ्या अंतरावर. पोदेराला आधी सांगून ठेवा, रस्त्यावरूनच भोंगा वाजव, थांब, मग ये. रोजच्या गिऱ्हाइकासाठी तेवढं तो करेल. चांगला चाललेला कुत्रा खाऊ घ्यायचा थांबला तर समजा अंतर कमी पडतंय. काही आठवड्यांचं काम आहे, दिवसांचं नाही.

पाहुण्यांच्या उड्या सोप्या आहेत, अडचण पाहुण्यांची असते. उडी मारल्यावर ढकलणं, 'ए खाली!' म्हणणं, हसणं, हे सगळं त्याच्या लेखी लक्षच. घरच्याच माणसाला पाहुणा करा. तो दारातून आला आणि ब्रुनोचे चारही पाय जमिनीवर असले, की क्लिक आणि खाऊ जमिनीवर, म्हणजे तोंड खालीच राहतं. उडी आली तर पाहुणा एक शब्द न बोलता वळून बाहेर, दहा सेकंदांनी परत. एक माणूस जरी लाडाने उड्या मारू देत राहिला तरी सगळं लांबतं. चतुर्थीच्या दिवसांत मात्र शिकवायच्या भानगडीत पडू नका. त्या गर्दीत नियम पाळले जाणार नाहीत, आणि मनुका घातलेल्या नेवऱ्या (करंज्या) मुलांच्या हातात, त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतील. त्याला मागच्या खोलीत, दाराला जाळी लावून, चघळायचं खेळणं आणि पाणी देऊन ठेवा. फटाक्यांचा आवाजही भोंग्यासारखाच टिपून आत्तापासून सुरू करता येईल; चतुर्थीच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही.

पट्टा ओढणं: ओढल्यावर पुढे जायला मिळतं म्हणून कुत्रा ओढतो. छातीवर कडी असलेला हार्नेस आणि दोन मीटरचा साधा पट्टा घ्या, लांबत जाणारा गुंडाळीचा नको. आंगणात सुरुवात करून दर दोन पावलांना तुमच्या डाव्या पायाशी खाऊ, मग चार, मग अधूनमधून. ताण आला की थांबा, सैल झाला की चाला. फिरायला नेण्याआधी उघडिपीच्या दिवशी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, पावसात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो. लस झाली आहे का, ते पशुवैद्यांना विचाराच.

राहिला ट्रेनर. मदत जरूर घ्या, पण आपल्या देशात कुणीही स्वतःला ट्रेनर म्हणवू शकतो, म्हणून तीन प्रश्न विचारा. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय देता? चुकलं तर काय करता? तुम्ही शिकवताना मी समोर उभी राहू का? दुसऱ्या प्रश्नाला 'धडा सोपा करतो' असं उत्तर आलं तर माणूस कामाचा. 'करेक्शन देतो' असं आलं तर ते कसलं, हे त्याच्या हातातली वस्तू बघून कळेल. महिनाभर त्याच्याकडे ठेवला तर काय झालं ते तुम्हाला दिसत नाही. शिवाय कुत्रा जागेसकट आणि माणसासकट शिकतो. तिथे त्या माणसासमोर बसणारा ब्रुनो तुमच्या सोप्यावर तुमच्यासमोर बसेलच असं नाही. शिकायचं तुम्हालाही आहे, आणि ते घरीच होतं. हाडावरून पुन्हा गुरगुरला, किंवा खेळणं, खाट, माणूस यांवरूनही गुरगुरू लागला, तर साधा ट्रेनर पुरणार नाही. पशुवैद्यांकडून वर्तनाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाचं नाव घ्या.

पहिल्या आठवड्यात सगळं एकदम काढू नका. पशुवैद्याची भेट, जेवण दाराआड, क्लिकची ओळख आणि 'बस', एवढंच. पोदेर यायच्या वेळी ब्रुनो मागच्या खोलीत. मुलीलाही कामात घ्या: डब्यातले तुकडे मोजून देणं आणि ब्रुनो बसला की 'येस' म्हणणं तिचं, खाऊ देणारा हात तुमचा. भोंग्याचं काम दुसऱ्या आठवड्यापासून.